आमची वाटचाल: ऐरोलीच्या चौथ्या मजल्यावरून

आमच्या घरदुरुस्तीच्या फर्मच्या कार्डावर '2018 पासून' असं छापलंय. ते फर्मच्या नोंदणीचं वर्ष. खरी सुरुवात 2016 च्या दिवाळीनंतरची. तेव्हा धंदा वगैरे काही डोक्यात नव्हतं, भाडं बुडत होतं एवढंच.

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, ऐरोलीत वन बीएचके आहे. चौथा मजला, लिफ्ट नाही. सात वर्षं राहिलेला भाडेकरू दिवाळीत घर सोडून गेला तेव्हा बाथरूमची लादी पोकळ वाजत होती, ओट्याखालचा कडप्पा तुटला होता आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली होती. मिस्त्री ठरवला. आठवडाभरात, 8 नोव्हेंबरला, पाचशे-हजारच्या नोटा गेल्या. मिस्त्री चेक घेईना, बिगाऱ्याला तर रोजची रोज रोख लागते. हार्डवेअरच्या दुकानात मात्र कार्ड चालत होतं. माल मिळत होता, माणसं मिळत नव्हती. नवरा रबाळ्याच्या एमआयडीसीत फिटर, हत्यारं घरचीच. म्हणाला, "शनिवार-रविवार आपणच करू. दोन महिन्यांचं तर काम आहे." आम्ही राहायला कळव्याला, म्हणजे बाईकवर जाणं-येणं सोपं. मी वाशीत एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे.

दोन महिन्यांचे अकरा महिने झाले.

पहिले तीन शनिवार झकास गेले, कारण ते फोडाफोडीचे होते. फोडायला सगळ्यांनाच आवडतं. सत्तेचाळीस गोण्या राबिट, म्हणजे फोडलेल्या लादी-सिमेंटचा ढिगारा, आम्ही चार जिने उतरवलं. नवऱ्याने लादीच्या तुकड्याने किचनच्या भिंतीवर गोण्यांच्या रेघा मारल्या होत्या, तुरुंगातल्या कैद्यासारख्या. जानेवारी उजाडला आणि गाडी अडली. बाथरूम उखडलेलं, किचन उखडलेलं, हॉलमध्ये वायरी लोंबताहेत. शनिवारी सकाळी कधी याची पाठ दुखायची, कधी मला मुलाचा अभ्यास आठवायचा. एकदा तर विटाव्यापर्यंत जाऊन आम्ही वडापाव खाऊन परत आलो.

मी हिशेबाची माणूस, त्यामुळे वही होती. फेब्रुवारीत एका रात्री ती उलगडून बसले. नऊ शनिवारांपैकी पाच शनिवार काहीतरी कमी पडलं म्हणून वाया गेले होते. एकदा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतला छोटा नळ, चुकीच्या मापाचा, एकदा व्हाइट सिमेंट संपलेलं, एकदा कटरचं ब्लेड तुटलं आणि दुसरं आणलेलं नव्हतं. आम्ही एकमेकांना आळशी म्हणत होतो आणि खरी भानगड पिशवीत होती! त्यानंतर गुरुवारी रात्री यादी, शुक्रवारी ऑफिसातून येताना खरेदी, आणि शनिवारी बाईकवर बसायच्या आधी पिशवी उघडून एकेक वस्तू बघायची. आजही कामावरच्या आमच्या पोरांची पिशवी आदल्या संध्याकाळी मीच तपासते. त्यांना ते आवडत नाही.

दुसरी अडचण सोसायटीची. ठोकाठोकी शनिवारी दहा ते पाच, त्यात दोन ते चार बंद, रविवारी अजिबात नाही. आम्ही दोन महिने सेक्रेटरींशी वाद घातला. मग नवऱ्यानेच कामं दोन ढिगांत वाटली. आवाजाची शनिवारी. पुट्टी, पॉलिश पेपर, मापं, रंग हे सगळं रविवारी. शनिवारी दमून भागलेल्या माणसाला रविवारी पुट्टी ओढणं जवळजवळ विश्रांतीच वाटते, हे त्या नियमामुळे कळलं. सेक्रेटरींना हे मी अजून सांगितलेलं नाही.

मोठं भांडण झालं ते खोल्यांवरून. नवऱ्याला सगळीकडे थोडं थोडं करायचं होतं, तांत्रिकदृष्ट्या त्याचंच बरोबर होतं. आधी सगळी पाइपलाइन, मग सगळं प्लॅस्टर, मग लाद्या. पण मला एक तरी जागा अशी हवी होती जिथे सिमेंटच्या गोणीवर न बसता चहा पिता येईल. मी अडून बसले आणि आम्ही बेडरूम आधी पुरी केली, अगदी रंग, पंखा, दाराच्या कडीसकट. दाराला खालून ओलं फडकं लावायचं म्हणजे धूळ आत येत नाही. चटई, पाण्याचा माठ, इंडक्शन शेगडी. खर्च थोडा वाढला, कारण नंतर एका भिंतीला परत हात मारावा लागला. पण त्या खोलीनंतर आमचा एकही शनिवार चुकला नाही. त्या फालतू खर्चाचं मला आजही काही वाटत नाही.

सुट्टीतल्या कामाचा एक घोळ कोणी आधी सांगत नाही. रविवारी प्लॅस्टर केलं की निदान सात दिवस त्यावर पाणी मारावं लागतं, आणि सोमवारी आपण ऑफिसात. पाणी मारलं नाही तर भिंतीला तडे. ते काम नानांनी उचललं. रोज सकाळच्या बसने कळव्याहून ऐरोलीला जायचे, बादली-मग घेऊन भिंती भिजवायचे, संध्याकाळी परत एक फेरी. मधल्या वेळात खालच्या काकूंशी गप्पा. बाथरूममध्ये ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं भोक, बंद करून शनिवारी संध्याकाळी पाणी भरून ठेवलं, 48 तासांसाठी. सोमवारी रात्री काकूंचाच फोन आला, "छत कोरडं आहे हो सूनबाई!" त्या दिवशी मी ऑफिसातून पेढे आणले असते तर बरं झालं असतं.

29 ऑगस्ट 2017 चा पाऊस ठाणे-मुंबईत कोण विसरेल? गणपती बसलेले होते, लोकल बंद पडल्या, मी वाशीलाच अडकले. शनिवारी फ्लॅटवर गेलो तर हॉलच्या खिडकीखाली नवी पुट्टी फुगून पापडासारखी सुटलेली. बाहेरच्या बाजूने खिडकीच्या चौकटीभोवती फट होती, ती आम्ही बघितलीच नव्हती. नवरा जिन्यात जाऊन बसला. "विकून टाकू," म्हणाला. मी काही बोलले नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. नानांनी बेडरूमचं दार उघडलं, चहा ठेवला आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "रंग लावायच्या आधी कळलं, ते बरं." फट बाहेरून भरून घ्यायला माणूस बोलवावा लागला. प्रत्येक गोष्ट स्वतः करायची नसते, विशेषतः चौथ्या मजल्याच्या बाहेरून लटकून.

भाडेकरूला दसऱ्याचा शब्द देऊन टाकला होता, तो पाळला. घर दिलं 30 सप्टेंबरला. करार अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला, असं नानांचं म्हणणं. पण महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि जबाबदारी घरमालकाची असते. तो मी ऑनलाइन केला. माझी जाड बिलांची फाइल मात्र आयकरात उपयोगी पडली नाही. घरभाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा केला की उरलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के वजावट मिळते. तुम्ही दोन लाख खर्च करा नाहीतर दोन रुपये.

फर्म झाली ती काकूंमुळे. त्यांच्या भावाचा घणसोलीतला फ्लॅट अर्धा उखडून पडला होता, त्यानेही सुट्टीत सुरू करून सोडून दिलेला. मग त्याचा मित्र, मग मित्राचा ऑफिसर. 2019 मध्ये नवऱ्याने नोकरी सोडली, आणि पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन. माणसं गावाला गेली, सोसायट्यांची दारं बंद. 1 फेब्रुवारी 2021 ला लोकल सगळ्यांसाठी सुरू झाली, तीही ठरावीक वेळांत, तोवर आम्ही माझ्या पगारावर होतो. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

आज आम्ही दोघं आणि सहा माणसं. दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात घर तयार करून देणं हे मुख्य काम, पण मला आवडतात ती अर्धवट सोडलेली घरं. मालक दार उघडताना आधी माफी मागतो. आम्ही पहिल्या दिवशी हातोडा काढत नाही. एक खोली झाडून घेतो, एक बल्ब लावतो, चहाची जागा करतो, मग त्याची वही मागतो. वही नसतेच.

गेल्या महिन्यात ऐरोलीचा भाडेकरू घर सोडून गेला. बाथरूमचा एक कोपरा परत पोकळ वाजतोय. नवरा म्हणाला, "माणसं नको पाठवायला, शनिवारी आपणच जाऊ." मी त्याला फर्मचं कोटेशन पाठवलं.