गेजची डायरी, मे ते जुलै: कोंबडीचा पाय सापडला

तर मंडळी, मे महिन्यात नाशिकला अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून जे दोन नग उचलले होते त्यातला एक आता ओळखू आलाय आणि दुसऱ्याची मी माझ्याच हाताने वाट लावलीय. दोन्ही सांगतो.

पहिला नग म्हणजे तळहाताएवढी जाड पोलादी पट्टी, दोन्ही टोकांना तोंडं कापलेली, वर गंजाची साय. भंगारवाल्याने पान्यांच्या ढिगात टाकलेली. "घ्या भो, फिक्स पाना आहे, जुनं लोखंड, दीडशे द्या." आता मी सातपूरला टूलरूममध्ये बावीस वर्षं गेजच (माल बरोबर मापात आहे की नाही ते तपासायचं साधन) हाताळतोय, पान्याचं तोंड दांड्याशी पंधरा अंशात तिरकं असतं आणि याची दोन्ही तोंडं सरळ, शिवाय बोट आत घातलं तर गंजाखालीही कडा आरशासारखी सपाट लागत होती. नटबोल्ट आवळायच्या वस्तूला इतकं प्रेमाने कोण घासतं? म्हटलं हे स्नॅप गेज, वस्तू एका तोंडात जायला हवी आणि दुसऱ्यात अडायला हवी असं. गपचूप दीडशे दिले.

घरी आल्यावर दोन दिवस रॉकेलमध्ये. मग बांबूची काडी तासून तिनेच खरवडलं, कारण वायर ब्रश आणि बफिंग या दोन गोष्टी गेजला लावायच्या नाहीत हे मी नव्या पोरांना रोज सांगतो. गेजची किंमत त्याच्या दोन मोजणाऱ्या कडांत असते, त्या घासल्या की उरतं ते पेपरवेट. बाकीच्या अंगाचं सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिस केलं, म्हणजे वीज सोडून गंज काढला, एक अँपिअरच्या आसपास, चार तास. (चार्जरच्या दुसऱ्या वायरला, म्हणजे गेजच्या समोर, लावायला साधं लोखंड घ्या, स्टेनलेसचा चमचा नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.) तोंडं तेवढी पाण्याबाहेर ठेवली आणि तिथे फक्त तेल आणि सुती फडकं.

अक्षरं तरी दिसेनात. शेवटी आईच्या डब्यातली पांढरी रांगोळी चिमूटभर घेऊन अंगठ्याने चोळली, फुंकर मारली आणि मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरला. आधी एका टोकाला GO ऐवजी नुसता गोलसर खड्डा दिसला, दुसऱ्या टोकाला मात्र तीन अक्षरं, मग जागा, मग दोन अक्षरं: नॉट गो. इथेच अर्धा उलगडा झाला, कारण अमेरिकन लोक 'नो गो' लिहितात, 'नॉट गो' ही इंग्रजांची लिहायची पद्धत. आई मागून बघत होती, म्हणाली, "हे काय, कोंबडीचा पाय उमटलाय का रे?" खरंच, तीन रेघा एका टोकाला जुळलेल्या आणि खाली एक उभी रेघ. तो ब्रिटिश सरकारी मालाचा ब्रॉड ॲरो, आणि खालचा आय म्हणजे इंडिया. इतकी वर्षं या नादात घालवून ते चिन्ह मला दिसलं नाही, आईला दिसलं.

आता मोजमाप. मित्राकडून स्लिप गेजचा, म्हणजे अचूक जाडीच्या पोलादी ठोकळ्यांचा, सत्याऐंशी नगांचा सेट रविवारपुरता आणला. गेज आणि स्लिप रात्रभर एकाच कडाप्प्यावर ठेवले, कारण मोजमापाचं तापमान 1931 पासून 20 अंश ठरलेलं आहे आणि आमच्याकडे मेमध्ये खोलीत पस्तीस, पण दोन्ही पोलादच असल्याने सोबत वाढतात, त्यामुळे खरा शत्रू म्हणजे हाताची ऊब. हातमोजे घालून बसलो. मोठ्या तोंडात 10 अधिक 2.5 अधिक 1.22 मिलिमीटर घट्ट गेलं, 1.23 वालं अंमळ दाबून गेलं, 1.24 नाही. म्हणजे 13.73. दुसरं तोंड 13.46. मेट्रिकमध्ये काहीच डोक्यात येईना, अर्धा तास कोणत्या बेअरिंगचं असेल म्हणून कॅटलॉग चाळत बसलो, येडा. मग 25.4 ने भागलं आणि चहा सांडायचा राहिला: पॉइंट पाच चार आणि पॉइंट पाच तीन इंच. थ्री नॉट थ्री काडतुसाच्या बुडाच्या कडेचा जास्तीत जास्त व्यास पॉइंट पाच चार!

या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, बंदुकीच्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) ते त्या कडेवरच अडकून बसतं. कड जाड झाली तर बंदुकीचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद होत नाही, व्यास मोठा झाला तर बोल्टच्या खोबणीत बसत नाही, लहान झाला तर एक्स्ट्रॅक्टरला, म्हणजे काडतूस बाहेर ओढणाऱ्या हुकाला, धरायला काही उरत नाही. म्हणून हे दोन तोंडांचं. पहिल्यात जायला हवं, दुसऱ्यात जाता कामा नये. आपल्याच राज्यात 1869 पासून खडकीला ॲम्युनिशन फॅक्टरी आहे, तिच्या काडतुसांवर के एफ ही अक्षरं असायची. माझं गेज तिथलंच असं म्हणणार नाही, तसा शिक्का त्यावर नाही. पण मूळ 13.716 चं (म्हणजे पॉइंट पाच चार इंचाचं) तोंड जवळपास दीड शतांश मिलिमीटर झिजलंय, आणि पोलादावर पितळ घासून इतकं झिजायला किती पोती काडतुसं लागली असतील याचा विचार करत मी बराच वेळ बसलो होतो. आणि हो, थ्री नॉट थ्रीतला नॉट म्हणजे शून्य, गेजवरचा नॉट म्हणजे नाही, पोराने विचारलं होतं.

दुसरा नग आट्यांचा प्लग गेज, भोकातल्या आट्या तपासायचा. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात वीस-वीस मिनिटांनी बघायचं हे मलाच माहीत, आणि मीच रात्री मॅच बघता बघता झोपलो. सकाळी काळपट, खरबरीत, दांड्यावरचा नंबर गेला तो गेलाच. खायच्या सोड्याने धुतलं, गरम पाण्यातून काढून तेल लावलं, पण सांगायला लाज वाटते. आट्यांचा कोन 55 अंशांचा आहे, म्हणजे व्हिटवर्थ (आट्यांचं जुनं इंग्रजी माप), एवढंच आता त्याचं आधार कार्ड.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. त्याच दुकानात पितळेचा शंकूसारखा तुकडा होता, भोवती आकडे कोरलेली फिरती रिंग. भंगारवाला म्हणाला, हेपण घ्या, सेटच आहे. तो सेट नव्हता, तो तोफगोळ्याचा टाइम फ्यूज, ठरलेल्या वेळी गोळा फोडणारा. देवळालीला तोफखान्याच्या रेंज आहेत, असा माल कुठूनही भंगारात येतो. हात लावला नाही, त्यालाही लावू दिला नाही, बाहेर येऊन 112 ला फोन केला. मी गेज जमवतो, फ्यूज नाही, कापलेला आहे असं कोणी कितीही शपथेवर सांगितलं तरी.

आता पावसाळा, गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, दमट वारा घरात येतो, म्हणून गेजला पातळ तेल, वर गंज रोखणारा व्हीसीआय कागद, गोदरेजच्या कपाटात. त्याआधी काल लेथवर पितळेची टिकली 13.60 मिलिमीटरला कातली, काडतूस काही घरात ठेवता येत नाही ना. मोठ्या तोंडात ती स्वतःच्या वजनाने सरकली. उलटं फिरवून छोट्या तोंडाला लावली, टक, अडली.