पाच वेळा उजेड

लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या घरात मेणबत्त्या फार संपत, आणि आईचा संशय बरोबर माझ्यावर असे. समोरच्या माडीवर माझी मैत्रीण राहायची. खिडकीत मेणबत्ती ठेवून तिच्यापुढे पुठ्ठा हलवायचा. पाच वेळा उजेड दिसला की ‘महत्त्वाचं सांगायचंय, लगेच ये’. महत्त्वाचं तसं काही नसायचंच.

ही युक्ती आमची नव्हे, ॲन आणि डायनाची. लूसी मॉड माँटगोमेरीची ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ १९०८ ची, कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरची. नववीच्या सुट्टीत मांडीवर डिक्शनरी घेऊन मी ती वाचली आणि रोज संध्याकाळी जिन्यात बसून मैत्रिणीला सांगितली.

शेतकामाला मुलगा हवा असलेल्या प्रौढ भावा-बहिणीकडे चुकून अकरा वर्षांची अनाथ ॲन येते. तोवर तिची मैत्रीण कोण, तर पुस्तकांच्या कपाटाच्या काचेत दिसणारं स्वतःचंच प्रतिबिंब. तिला तिने नावही दिलेलं. मग खरीखुरी डायना भेटते आणि पहिल्याच भेटीत दोघी बागेत हात धरून शपथ घेतात. सूर्यचंद्र असेपर्यंत मैत्री! आपल्याकडे ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ म्हणायला निदान ताम्रपट तरी लागतो. या दोघींनी, शपथ वाहत्या पाण्यावर घ्यायची म्हणून, पायवाटेलाच वाहतं पाणी मानून काम भागवलं.

पुढे ॲन सरबत समजून डायनाला घरची वाइन पाजते, चांगली तीन ग्लास. डायनाची आई मैत्रीच तोडायला लावते. निरोपाला मिळतात दहा मिनिटं, त्यात ॲन तिच्या केसांची बट मागून घेते. वाचताना हसू येतं, लेखिकाही गालात हसत असतेच, पण त्या दोघींचं रडणं ती तसूभरही कमी करत नाही. ‘पोरींची कट्टी-बट्टी, होईल उद्या ठीक’ असं म्हणणारी मोठी माणसं जगात भरपूर आहेत. माँटगोमेरी त्यांतली नाही, म्हणून आम्हाला ती आपली वाटली.

यंदा लेकीबरोबर पुन्हा वाचायला घेतलं, तेव्हा एका पानावर अडकले. वरच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेसाठी शाळेत जादा तास सुरू होतात. ॲन त्यात असते, डायना नसते. तिला पुढे शिकवायचा तिच्या आईवडिलांचा विचारच नसतो. डायना एकटी घरी निघते आणि ॲन लॅटिनच्या व्याकरणाचं पुस्तक तोंडासमोर धरून डोळ्यांतलं पाणी लपवते. बस, एवढंच. तेव्हा हे पान माझ्या नजरेतून निसटलं कसं? नववीत सगळ्याच जणी ॲन असतात, हे एक कारण असावं.

माझ्या मैत्रिणीचं शिक्षण दहावीनंतर थांबलं. मी अकरावीला शहरात आले.

परवा फोनवर तिला विचारलं, गोष्ट मी तुला कुठपर्यंत सांगितली होती गं? तिला स्पष्ट आठवत होतं. ॲन वर्गातल्या गिल्बर्टच्या बरोबरीने त्या प्रवेश परीक्षेत पहिली येते, तिथपर्यंत.

“मी विचारलं होतं, डायनाचं काय झालं,” ती म्हणाली. “तू म्हणालीस, काही नाही, ती घरीच होती.”