काय ओ, डिपर कशाला मारताय?

आमची गाडी मुळात आमची नाही, दाजींची. म्हणजे कागदोपत्री आता आमचीच, पण घरात अजूनही "दाजींची गाडी काढ" असंच म्हणतात. दाजी गुहागरला असतात, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यांनी ही छोटी पेट्रोल गाडी आठ वर्षं वापरली आणि मोठी घेतली तेव्हा बाहेर कुणाला देण्यापेक्षा घरातच राहू दे म्हणून आम्हाला बऱ्यापैकी स्वस्तात दिली. इंजिन एकदम गोड. पत्रा खालून थोडा गंजलेला, पण कोकणातल्या गाडीचा तो असणारच. आणि बोनेटच्या डाव्या कोपऱ्यावर वाटीएवढा एक पोचा, तो मी भाच्याच्या क्रिकेटच्या खात्यावर टाकला आणि विसरून गेलो.

गाडी घेऊन कराडला निघालो तेच उशिरा, कारण ताईकडून जेवल्याशिवाय सुटका नसते. चिपळूण सोडलं तेव्हा अंधार पडलेला. पोफळीच्या पुढे कुंभार्ली घाट चढायला लागलो, एका खड्ड्यात चाक गेलं आणि पुढचा रस्ताच गायब झाला. अर्ध्या सेकंदात परत आला. बायको म्हणाली, "अरे लाईट कशाला घालवलास?" म्हटलं मी हातसुद्धा लावला नाही. पुढच्या खड्ड्यात परत तेच. मग खड्डा नसतानाही व्हायला लागलं, लुकलुक लुकलुक, गणपतीच्या मखराला लावतात तसं.

गंमत अशी की हे फक्त आम्हाला दिसत नव्हतं. समोरून घाट उतरणाऱ्याला काय दिसणार, तर एक गाडी सारखी डिपर मारत वर येतेय. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमच आहे, त्यामुळे लोकांना वाटलं असणार की हा बाबा आपला हक्क बजावतोय. काही जण बाजूला होत होते, काही जण उलट डिपर मारत होते, एका ट्रकवाल्याने तर असा लांबलचक हॉर्न दिला की त्यातल्या शिव्या अगदी शब्दनिशब्द कळल्या. एका वळणावर तर समोरून आलेली एसटी चक्क थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली आणि अगदी शांतपणे विचारलं, "काय ओ, डिपर कशाला मारताय सारखं? थांबलोय की!"

मी म्हटलं मारत नाहीये, आपोआप होतंय.

ते म्हणाले, "आपोआप?" आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मला अजून आठवते.

त्यातही हे सगळं कुठे, तर पोफळीच्या डोक्यावर. खाली डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर, अख्ख्या कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट, अर्धा महाराष्ट्र लहानपणापासून भूगोलाच्या पुस्तकात तो पाठ करतो, आणि त्याच्या वर मी ५५-५५ वॉटचे दोन बल्ब धड पेटवू शकत नव्हतो. हेळवाक, कोयनानगर, पाटण करत तीसच्या स्पीडने घरी पोचलो तेव्हा बायको झोपली होती की झोपल्याचं सोंग घेत होती ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. गाडीचा लाईट लुकलुकणं हा असा आजार आहे की त्यावर प्रत्येकाकडे औषध असतं, ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्याकडेसुद्धा. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले बल्ब गेलाय. मी म्हटलं दोन्ही एकदम कसे जातील, तर म्हणाले जातात. बदलले. लुकलुक चालूच. दुकानदार म्हणाला १००-९० चे टाका, सगळे तेच टाकतात, मग बघा कसा उजेड पडतो. टाकणारच होतो, पण मग जरा हिशेब केला. मूळ बल्ब ६०-५५ वॉटचा, म्हणजे अप्परला (लांबच्या उजेडाला) ६० आणि डिमला (जवळच्या उजेडाला) ५५, ५५ ला १२ व्होल्टने भागलं तर एका बल्बला साडेचार-पावणेपाच अँपिअर लागतो, आणि तोच ९० चा टाकला तर साडेसात. कंपनीने वायर आणि स्वीच टाकलेत ते पहिल्या हिशेबाने, वेगळा रिले (मूळ स्वीचवरचा भार आपल्यावर घेणारा स्वीच) न लावता असले बल्ब घालणाऱ्यांचे होल्डर वितळून काळे झालेले मी स्वतः बघितलेत. दुसऱ्याने एलईडी सुचवली. त्याबद्दल तर मी बोलतच नाही, हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये ती पांढरी एलईडी बसवून समोरच्याचे डोळे फोडत जाणारे लोक रोज भेटतात, त्यांच्यात माझी भर नको.

मग बॅटरी. टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली होती, ती काढली, १० नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडवायचं आणि लावताना ते सगळ्यात शेवटी लावायचं एवढं मला येतं, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ओतला, फसफसून सगळं गेलं, वरून व्हॅसलिन लावलं. फार समाधान वाटलं. रात्री सोसायटीच्या भिंतीसमोर गाडी उभी करून लाईट लावले, एकदम स्थिर. बायकोला बोलावून दाखवलं. तिने गाडीला हलकासा धक्का दिला. लुकलुक!

बॅटरीच्या दुकानात तपासायला गेलो तर त्यांनी तपासायच्या आधीच सांगितलं की बॅटरी बदलावी लागेल. आता मला जरा राग आला होता, म्हणून मी ऑनलाइन एक साधा मल्टिमीटर मागवला. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट, इंजिन चालू केल्यावर १४.२. म्हणजे बॅटरी ठीक आणि डायनमोही चार्ज करतोय. (डायनमो म्हणजे खरं तर आल्टर्नेटर, जुना डायनमो गाड्यांतून कधीच गेला, पण गॅरेजमध्ये तो मरेपर्यंत डायनमोच राहणार.) चालू गाडीत आकडा १३ च्या खाली राहिला असता किंवा १५ च्या वर गेला असता तर तिकडे बघावं लागलं असतं. आणि डायनमोचा घोळ असता तर ॲक्सिलरेटर दाबला की उजेड कमी-जास्त झाला असता, इथे तसं काही नव्हतं, फक्त हादरा बसला की व्हायचं. पण एवढं कळूनही मला पुढचं सुचेना, आणि सगळ्यात वैताग म्हणजे गॅरेजमध्ये नेली की गाडी एकदम शहाणी, डॉक्टरच्या दारात पोचल्यावर ताप उतरणाऱ्या पोरासारखी. मेकॅनिक म्हणणार, "साहेब, लाईट तर ओके आहे," आणि मी म्हणणार, अहो काल घाटात या तुम्ही.

शेवटी कुणीतरी एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सांगितलं. टपरीएवढं दुकान, बाहेर दोन उघड्या रिक्षा आणि एक ट्रॅक्टर. सगळे त्यांना मामा म्हणतात, वय माझ्यापेक्षा कमीच असेल, पण मीही मामाच म्हटलं. मामांनी बोनेट उघडलंच नाही. म्हणाले, लाईट लावा. लावले. आता डावा इंडिकेटर द्या. दिला. आणि मी पहिल्यांदाच बघितलं की इंडिकेटरच्या टिकटिकीबरोबर दोन्ही हेडलाइट पण हलके हलके मंद होतायत, त्याच तालात. मग मामा आत डोकावून मीटरकडे बघत म्हणाले, "ह्यो निळा दिवा बघा. डिम लावलाय ना तुम्ही? मग अप्परचा दिवा का पेटलाय?" खरंच अगदी फिकट, असून नसल्यासारखा, निळा दिवा पेटला होता. मी इतके दिवस तो बघत होतो आणि मला तो दिसला नव्हता.

"आर्थिंग गेलंय ओ साहेब."

मग त्यांनी एक चार फुटी वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं आणि दुसरं हेडलाइटच्या कपलरमध्ये मागून काळ्या वायरच्या पिनला टेकवलं. समोरच्या ट्रॅक्टरवर पडलेला उजेड एकदम फटकन वाढला, पिवळट होता तो पांढरा झाला. बल्बचं असं असतं की व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड १० टक्के घटत नाही, जवळजवळ ३० टक्के घटतो, म्हणजे लुकलुक नव्हती तेव्हाही आम्ही अर्धवट उजेडातच फिरत होतो. वायर काढली, परत पिवळा. वायर लावली, पांढरा. मी मामांना तीनदा करायला लावलं.

डाव्या हेडलाइटच्या मागे, हात जेमतेम शिरेल अशा जागी एक बोल्ट निघाला, त्याखाली काळ्या वायरीचं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी, आणि ते बॉडीच्या पत्र्याला पिळलेलं. पुढच्या सगळ्या दिव्यांची परतीची वाट म्हणजे तो एक बोल्ट. पत्रा तांबूस गंजलेला, थिंबलवर हिरवट-पांढरं पीठ साचलेलं, बोटाने दाबलं तर भुगा पडत होता. गुहागरची खारी हवा आठ वर्षं तिथे बसून होती. वाट बंद झाली की बिचारा करंट दुसऱ्यांच्या घरातून जायला बघतो, अप्परच्या फिलामेंटमधून, तिथून मीटरच्या निळ्या दिव्यातून, इंडिकेटरमधून, जिथून जमेल तिथून. म्हणून तो ताल.

आणि मला एकदम बाबांची सायकल आठवली. मागच्या चाकाला बाटलीसारखा डायनमो, ६ व्होल्ट ३ वॉट, टायरला घासत गुरगुरणारा, चढाला सायकल हळू झाली की उजेडही हळू. त्या डायनमोतून दिव्यापर्यंत एकच वायर जायची. शाळेत शिकवलेलं की सर्किटला दोन वायरी लागतात, म्हणून मी बाबांना विचारलं होतं दुसरी कुठेय, तर त्यांनी डायनमोच्या पट्टीवरचा एक टोकदार स्क्रू दाखवला, तो रंग फोडून फ्रेमच्या लोखंडात घुसवायचा, मग अख्खी सायकलच दुसरी वायर. दिवा मंद झाला की ते तो स्क्रू अर्धा आटा पिळायचे. मी मल्टिमीटर घेऊन १४.२ चे आकडे वाचत बसलो आणि हे डोक्यात आलं नाही. आपली नजर जाते ती बल्बकडे, नाहीतर बॅटरीकडे. परतीच्या वाटेवर कोण बघतं!

मामांनी पॉलिश पेपरने पत्रा आणि बोल्ट घासला, चांदीसारखा होईपर्यंत, नवीन थिंबल दाबून बसवलं, पिळलं, वरून ग्रीसचं बोट फिरवलं. वीस मिनिटं. किती झाले विचारलं तर म्हणाले दोनशे. माझ्या डिकीत तेव्हा दोन धडधाकट जुने बल्ब, अर्धा डबा खायचा सोडा आणि एक मल्टिमीटर होता.

पुढच्या शनिवारी मुद्दाम रात्रीचाच घाट घेतला. एकदाही लुकलुक नाही, खड्ड्यातसुद्धा नाही, निळा दिवा मेल्यासारखा गप्प. समोरून येणारे आपापले निघून जात होते, कुणी थांबलं नाही, कुणी शिवी दिली नाही. गुहागरला पोचल्या पोचल्या दाजींना सगळी कथा सांगितली, अगदी एसटीवाल्यापासून ते आर्थिंगच्या बोल्टपर्यंत. ते चहा पीत शांतपणे ऐकत होते.

"हां, ते होय," दाजी म्हणाले. "त्याला काही नाही ओ, उतरायचं आणि बोनेटच्या डाव्या कोपऱ्यावर एक बुक्की घालायची. मी चार वर्षं तेच करत होतो. तुम्हाला सांगायचं राहिलंच वाटतं."