बर्फ किती फूट हाय?

आल्प्समधून स्कीइंग करून सांगलीला परत आल्यापासून आमराईतल्या सकाळच्या ग्रुपपासून ते कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, बर्फ कसा होता हो? आणि मला दरवेळी उलट विचारावंसं वाटतं की कधीचा आणि कुठला? सकाळी नऊचा का दुपारी तीनचा, गावातला का वरचा, उत्तरेच्या उताराचा का उन्हातला, कारण एकाच दिवशी एकाच डोंगरावर मी इतके वेगवेगळे बर्फ बघितले की "छान होता" असं एका वाक्यात सांगणं म्हणजे खोटंच बोलणं झालं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, ज्यांना फक्त फोटो बघायचेत त्यांनी इन्स्टावर जा.

माझा धाकटा भाऊ ग्रेनोबलला असतो. मार्चअखेरीला आम्ही दोघं नवराबायको त्याच्याकडे गेलो होतो, आणि तिथून सगळे मिळून वाल थोरन्सला. फ्रान्सच्या आल्प्समधलं हे गाव 2300 मीटरवर आहे, युरोपातलं सगळ्यात उंचावरचं स्की रिसॉर्ट म्हणतात त्याला. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे तिथे हॉटेलच्या बेडवर लोळत पडलात तरी तुम्ही कळसूबाईच्या साडेसहाशे मीटर वर. लिफ्टने, म्हणजे दोरावरच्या पाळण्यांनी, अजून वर, 3200 च्या पुढे जाता येतं. हवेचा दाब गावातच समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट असतो, पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते आणि रात्री डोकं ठणकतं, पण मला हे खरं कळलं ते भडंगामुळे. सांगलीहून नेलेली पाकिटं बॅगेत टम्म फुगली होती आणि एक तर शिवणीवर फाटलंच, त्यामुळे माझ्या सगळ्या थर्मलमध्ये शेंगदाणे आणि लसणाचा वास. भाऊ म्हणाला, ताई, लिफ्टच्या रांगेत लोक तुला लांबूनच ओळखतील.

आप्पांचा रोज संध्याकाळी फोन. आप्पा गावभागातले, जन्म नदीकाठी गेला, त्यांना कुठलीही गोष्ट फुटात कळते. "आज किती फूट हाय बर्फ?" मी पहिल्या दिवशी सांगितलं की वर अडीच मीटरच्या पुढे, म्हणजे आठेक फूट, गावात पाचेक. ते एकदम खूश, म्हणजे मजाच की तुमची! आणि तो दिवस आमचा अगदी बेकार गेला होता. मग त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायला लागलं की आप्पा, ऑगस्टमध्ये तुम्ही आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याचा आकडा ऐकून गप बसता का? 40 फूट इशारा, 45 धोका हे शाळेतलं पोरगं पण सांगतं, 2019 ला 57 च्या वर गेलं ते कोणी विसरलेलं नाही, पण तुम्ही पुढचं विचारताच ना की कोयनेतून किती क्युसेक सोडलंय, पाऊस पाणलोटात पडतोय का नुसता शहरात, अलमट्टीत काय चाललंय. बर्फाचं पण तसंच आहे, फूट हा नुसता पहिला आकडा. आप्पांना ते लगेच पटलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते "रात्री आभाळ होतं का?" असं विचारायला लागले. जो तिथला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे खरंतर.

कारण मार्च-एप्रिलमध्ये सगळा खेळ रात्रीवर. रात्र निरभ्र असली की बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता सरळ आकाशात फेकून देतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी वरचा थर गोठतो. (डिसेंबरात महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी पारा शून्याच्या वर असताना दव गोठतं आणि पेपरात फोटो येतात ना, त्याचं कारण हेच आहे.) ढग असले की ते ही उष्णता परत खाली पाठवतात, मग बर्फ गोठतच नाही आणि सकाळी आठलाच खाली मऊ लगदा. म्हणजे ढगाळ उबदार रात्र गेली की दुसरा दिवस बोंबलला म्हणून समजा, जरी रिपोर्टवर आठ फूट लिहिलं असलं तरी.

निरभ्र रात्रीनंतरचा दिवस मात्र तीन भागात. सकाळी नऊला लिफ्ट सुरू होते तेव्हा उतार दगडासारखा कडक असतो, रात्रभर मोठी मशीनं फिरून त्यावर बारीक समांतर रेघा पाडून ठेवतात, त्या दिसायला इतक्या सुंदर की चालायला जीव होत नाही, पण नवशिक्याला त्यावर स्कीची धार लागत नाही, नुसता खर्रर्र आवाज येतो आणि पाय आपले नसल्यासारखे पुढे जातात. तिथे पडलं की लागतं. मग साडेदहा-अकराच्या सुमाराला उन्हाने वरचा एखाद-दोन सेंटिमीटरचा थर सुटतो, खालचा कडक राहतो, आणि तेव्हा जे काही होतं ते, काय सांगू, आवाजच बदलतो आधी. खर्रर्र जाऊन नुसतं सूंऽऽ. मी जी सकाळपासून दोन्ही स्कीची टोकं जवळ आणून फतकल घालून ब्रेक मारत खाली येत होते, ती एकदम वळायला लागले. मला वाटलं मला जमलं! भाची म्हणाली आत्या, तुला नाही जमलं, बर्फ चांगला झालाय. वय वर्षं नऊ. पण तिचं खरं होतं, कारण दोननंतर तोच उतार चिखल झाला, सगळ्यांनी कापून कापून ढिगारे केलेले, स्की त्यात रुतते आणि शरीर पुढे जातं, आणि गुडघे दुखावले जायची वेळ हीच, पाय दमलेले असतात आणि "एक शेवटची राउंड" असते. आम्ही नंतर नंतर दोनला सरळ बंद करून कॉफी प्यायला बसायचो.

पण ही वेळ पण सगळीकडे एक नसते. पूर्वेकडे तोंड केलेला उतार आधी सुटतो, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा, त्यामुळे जाणकार लोक अक्षरशः सूर्यामागे डोंगर बदलत फिरतात. आणि उत्तरेचा वरचा भाग सुटतच नाही, तिथे जानेवारीचाच कोरडा बर्फ असतो. सीम द कारॉन म्हणून 3200 मीटरचं शिखर आहे, तिथे केबल कारने जातो, भाऊ उत्तरेच्या काळ्या रनने खाली गेला (हिरवा, निळा, लाल, काळा असे अवघडपणाचे रंग असतात फ्रान्समध्ये), आम्ही दोघं केबल कारनेच परत. पण वर हातात बर्फ घेऊन बघितला, गोळाच होत नाही. मूठ उघडली की पिठासारखा निसटला, आणि त्याच वेळी खाली गावात पोरं ओल्या बर्फाचे गोळे करून एकमेकांना हाणत होती. नऊशे मीटरचा फरक नुसता. कोरड्या बर्फात वितळलेलं पाणीच नसतं त्यामुळे तो चिकटत नाही, साधं आहे, पण हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

उंचावर बर्फ टिकतो हा फायदा, पण त्याची किंमत मोजावी लागते हे कुठल्या ब्रोशरमध्ये नसतं. एक म्हणजे वारा. वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद, आणि गावात पाटी लागते. वाल थोरन्समध्ये म्हणूनच दोन केबलवर लटकणारी फ्युनिटेल लिफ्ट आली, 1990 साली, जगातली पहिली, दोन दोरांमुळे ती वाऱ्यात जास्त स्थिर राहते. दुसरं म्हणजे झाडं. एवढ्या उंचीवर एकही झाड नाही, आणि मला आधी वाटायचं की झाडं नसली तर बरंच की, आदळायला नको. पण ढगात शिरलं की झाडांशिवाय नजरेला धरायला काही राहत नाही, वर पांढरं, खाली पांढरं, उतार आहे का चढ आहे तेच कळत नाही. एकदा मला वाटत होतं मी घसरतेय आणि मी चक्क उभी होते, पोटात ढवळून आलं. तेव्हा फक्त कडेच्या काठ्या बघत उतरायचं, फ्रान्समध्ये उजव्या बाजूच्या काठीचं टोक नारिंगी असतं आणि त्यावरचे नंबर खाली येताना कमी कमी होत जातात, एकवर आलात की पोचलात. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी भावाला इतक्या शिव्या घातल्या नसत्या.

नवीन बर्फ पडला त्याच्या दुसऱ्या सकाळी धडाम् धडाम् आवाजाने जाग आली. यांना वाटलं सिलिंडर उडाला. तर डोंगरावर मुद्दाम स्फोट करून हिमस्खलन आधीच पाडून घेतात, लोक यायच्या आत. धोक्याची पातळी 1 ते 5 अशी असते आणि ती लिफ्टपाशी लावलेली असते, आणि गंमत (गंमत नाही खरंतर) अशी की जीव जाणारे सगळ्यात जास्त अपघात 5 ला होत नाहीत, 3 ला होतात. 5 असलं की बाहेर कोण जातंय! 3 ला माणसाला वाटतं चालतंय की. पुराच्या पाण्यात गाडी घालणारे पण असेच असतात, जाऊ दे. आखलेल्या उतारांवर राहिलात तर तुम्हाला याची फार काळजी नाही, दोरीच्या पलीकडे गेलात की सगळी तुमची.

आता उंची म्हणजे बर्फाची गॅरंटी का, तर नाही. झर्माटमध्ये मॅटरहॉर्नजवळ हिमनदीवरून स्वित्झर्लंडमध्ये सुरू होऊन इटलीत संपणारी वर्ल्ड कप रेस ठेवली होती, 2022 ला बर्फ कमी म्हणून रद्द, आणि 2023 ला बर्फ आणि वारा जास्त म्हणून रद्द! शेवटी कॅलेंडरमधूनच काढून टाकली. त्याच दोन वर्षांत स्विस हिमनद्यांचा 10 टक्के बर्फ गेला. वाल थोरन्सला पण पूर्वी पेक्ले हिमनदीवर उन्हाळ्यात स्कीइंग चालायचं, आता नाही. आणि आपल्याकडचं गुलमर्ग बघा, गोंडोला चार हजार मीटरच्या जवळ जातो, आल्प्सच्या बहुतेक रिसॉर्टपेक्षा वर, पण जानेवारी 2024 मध्ये तिथे गवत दिसत होतं कारण पश्चिमेकडून पाऊस-बर्फ आणणारे वारेच आले नाहीत. उंचीने बर्फ टिकतो, पडत नाही. पडायला ढग लागतात, एवढं सोपं आहे. कृत्रिम बर्फाच्या तोफा असतात खालच्या उतारांवर, पण त्यांनाही साधारण उणे दोनच्या खालची थंडी लागते, हवा कोरडी असली तर थोडं इकडेतिकडे चालतं, त्यामुळे उबदार हिवाळ्यात पैसे असून उपयोग नाही.

आमच्या मुक्कामात एक दिवस गावात चक्क पाऊस पडला. 2300 मीटरवर! माझा चेहरा पडला, सांगलीत पण पाऊस आणि इथे पण पाऊस. भावाने फोनवर शून्य अंशाची रेषा दाखवली, ती त्या दिवशी अडीच हजारच्या वर चढली होती, म्हणजे साधारण तिच्या थोडं खाली गेलं की पाऊस आणि वर बर्फ. दुपारनंतर रेषा खाली आली, रात्री आभाळ मोकळं झालं, आणि दुसऱ्या दिवशी खाली पाऊस पिऊन गोठलेला आरशासारखा उतार आणि वर वीत-दीड वीत नवा बर्फ. लोकांची नुसती झुंबड. आम्ही खालचा टाकून सरळ लिफ्टने वर गेलो आणि वरच्या निळ्या रनवर हळूहळू खेळत बसलो. नव्या बर्फात पडलं तर अजिबात लागत नाही पण निघालेली स्की शोधायला दहा मिनिटं उकरावं लागतं. यांची सापडली ती चार फूट खाली उताराकडे, आणि ते मात्र वरच्या बाजूला खणत होते.

कोणी जाणार असाल तर दोनच गोष्टी. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकाच्या भोकांच्या कडेला पण लावा, ताजा बर्फ अतिनील किरणांतले 80 टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, माझी हनुवटी खालून भाजली आणि इथे आल्यावर सगळे विचारतात हे काय झालं. आणि भाड्याचे बूट दुकानातच घालून पाच मिनिटं उभं राहून बघा, गुडघा पुढे वाकवला की टाच उचलली गेली नाही पाहिजे, आणि सरळ उभं असताना बोटं टोकाला नुसती टेकली पाहिजेत. घट्ट होतायत म्हणून एक नंबर मोठा मागू नका, दुकानदार देतो.