‘जरा काम होतं’ आणि इंग्रजीतील विनंती

शेजारच्या काकू दारात येतात आणि म्हणतात, “जरा काम होतं गं तुझ्याकडे.” काम उरकलेले नसते, किंबहुना ते अजून सुरूही झालेले नसते, तरीही काकू ‘आहे’ म्हणत नाहीत, ‘होतं’ म्हणतात. त्या एका भूतकाळामुळे ‘आत्ता नको, संध्याकाळी बघू या का?’ असे म्हणण्याची सोय माझ्याकडे राहते आणि नकार मिळाला तरी काकूंचाही मान राहतो. भाषांतराच्या निमित्ताने गेली काही वर्षे मी परदेशातील संपादकांशी इंग्रजीतून पत्रव्यवहार करते. औपचारिक इंग्रजीतील विनंतीचे निम्मे मर्म काकूंच्या या ‘होतं’मध्येच आहे, हे उमगायला मला फार उशीर लागला.

‘आय वॉन्टेड टू आस्क’ किंवा ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’ अशी वाक्ये शाळेत कोणी शिकवल्याचे आठवत नाही. भूतकाळ म्हणजे घडून गेलेली गोष्ट, एवढेच तक्त्यात होते. विनंतीसाठी आमच्या हाती एकच नमुना होता आणि तो म्हणजे अर्ज. ‘तरी माझी दोन दिवसांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती’ या वाक्यातील मार्दव ‘करावी’ या विध्यर्थी रूपातच असते. ते वाक्य इंग्रजीत नेताना विध्यर्थ गळतो, क्रियापद सरळ आज्ञार्थी होते आणि नम्रतेचा सगळा भार ‘काइंडली’ या एका शब्दावर येऊन पडतो. आपल्याकडच्या कार्यालयांत हे कोणाला खटकत नाही आणि खटकण्याचे कारणही नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघेही त्याच अर्जावर वाढलेले असतात. ब्रिटिश वाचकाच्या कानाला मात्र ‘काइंडली क्लोज द डोअर’ म्हणणारा माणूस पुष्कळदा दोनदा सांगून कंटाळलेला वाटतो. ‘प्लीज सेंड द फाइल’ हे सभ्य आहे, पण आहे ती आज्ञाच. (‘डू द नीडफुल’ची आपण थट्टा करतो खरी, पण तो प्रयोग एकेकाळी इंग्रजांच्याच पत्रांत होता, तिकडे तो मावळला, इकडे टिकला.)

इंग्रजीच्या या वळणाचे एक मूळ सर्वनामांत शोधता येते. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत आणि ‘तू’वरून ‘तुम्ही’वर जाताना क्रियापदही बदलते. इंग्रजीतही एकेकाळी ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा भेद होता, परंतु सतराव्या शतकात ‘दाऊ’ मागे पडत गेले आणि पुढे प्रार्थना, काव्य व काही बोलींपुरतेच उरले. राजालाही ‘यू’ आणि शिपायालाही ‘यू’, असे झाल्यावर आदर दाखवायचा कसा? तो भार साहाय्यक क्रियापदांनी उचलला. ‘कॅन’चे ‘कुड’, ‘विल’चे ‘वुड’ आणि ‘मे’चे ‘माइट’ ही मूळची भूतकाळी रूपेच आहेत. ‘कॅन यू सेंड’पेक्षा ‘कुड यू सेंड’ मऊ, त्याहून ‘वुड इट बी पॉसिबल टू सेंड’, आणि त्याहीवर ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड’. या शेवटच्या वाक्यात अनेक जण ‘वुड’च्या जागी ‘विल’ लिहितात आणि अर्धे वाक्य एका काळात, अर्धे दुसऱ्यात राहते. आपण ‘फाइल पाठवलीत तर आभारी राहीन’ म्हणतो, तेव्हा न पाठवलेल्या फाइलसाठी ‘पाठवलीत’ हे रूप सहज वापरतो. इंग्रजीतील ‘कुड’ त्याचाच भाऊबंद आहे. अर्थात शेजारच्या टेबलावरचे पेन मागायला ही शेवटची पायरी वापरली, तर ते टोमण्यासारखे वाटेल.

सूचना करणे विनंतीहून अवघड, कारण तिच्यात समोरच्याचे काहीतरी चुकले आहे हे गृहीत असते. माझी फजिती इथेच झाली. ‘हॅड बेटर’ म्हणजे ‘केलेले बरे’, असे मी शाळेत पाठ केले होते. मराठीत ‘छत्री घेतलेली बरी’ म्हणताना आवाजात काळजी असते. त्याच विश्वासाने मी एका वयाने ज्येष्ठ संपादकांना लिहिले, ‘यू हॅड बेटर चेक द डेट ऑन पेज फोर्टीन.’ उत्तर एका ओळीचे आणि कोरडे आले. ‘हॅड बेटर’मध्ये ‘नाहीतर बघा’ असा दम दडलेला असतो आणि तो वडीलधाऱ्यांनी मुलांना द्यायचा असतो, हे नंतर एका मैत्रिणीने हसू आवरत सांगितले.

उलटा प्रकारही घडला. ‘यू माइट वॉन्ट टू लुक अॅट द सेकंड पॅराग्राफ अगेन’ असा शेरा आला, तेव्हा ‘वाटले तर बघा’ असा त्याचा अर्थ लावून मी तो परिच्छेद तसाच ठेवला. वास्तविक ती स्पष्ट सूचना होती. फक्त ती पायरीखाली उभी राहून केली होती. ‘सजेस्ट मी अ टायटल’ हे तर मी किती वर्षे लिहीत होते कोण जाणे. आपण ‘मला सुचवा’ म्हणतो, पण इंग्रजीतील ‘सजेस्ट’ असा ‘मला’ लगेच पुढ्यात घेत नाही. ‘कुड यू सजेस्ट अ टायटल’ एवढेच पुरते.

‘वुड यू माइंड’ हा प्रयोग मात्र मराठी माणसाला परका वाटू नये. ‘आपली हरकत नाही ना?’ याला आपण ‘नाही, नाही’ म्हणूनच होकार देतो. तिथेही होकार ‘नॉट अॅट ऑल’नेच द्यायचा असतो, उत्साहाने ‘येस’ म्हटले की समोरचा क्षणभर गोंधळतो.

त्या संपादकांना पुढच्या खेपेला पुन्हा एका तारखेबद्दल लिहायची वेळ आली. या वेळी मी लिहिले, ‘आय वंडर इफ द डेट इन द थर्ड चॅप्टर माइट नीड अनदर लुक.’ अर्ध्या तासात सविस्तर उत्तर आले. तारीख बरोबर होती. सन मीच चुकीचा धरला होता.