कर्ज फिटलं, पण कागद कुठे?

भाड्याने द्यायला म्हणून पुण्यात रिसेलचा फ्लॅट घेतला. लोक मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि सोसायटी यांची भीती घालतात. ती कामं दोन-तीन चकरांत झाली. अडकलो विकणाऱ्याच्या बँकेत. त्याचं गृहकर्ज चालू होतं आणि मूळ कागद तिथे गहाण होते.

ठरलं ते असं: साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) नोंदवायचं, माझ्या हिश्शाच्या रकमेतून त्याचं कर्ज फेडायचं, कागद सुटले की खरेदीखत आणि माझ्या बँकेचं कर्ज. पैसे विकणाऱ्याच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरले, तेवढं शहाणपण होतं. फोरक्लोजर लेटरवर, म्हणजे कर्ज बंद करायला किती भरायचे ते सांगणाऱ्या बँकेच्या पत्रावर, रक्कम एका ठरावीक तारखेपर्यंतचीच असते, पुढे रोजचं व्याज चढतं. चार दिवस उशीर झाला तर फरकाचे पैसे भरेपर्यंत खातं बंद होत नाही. आणि व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, कोणी मागितला तर देऊ नका.

खातं बंद झालं. मग उत्तर मिळालं, ‘फाइल सेंट्रल स्टोअरला आहे, येईल.’ ती आली तेव्हा त्यात विकणाऱ्याचा स्वतःचा करारनामा होता, पण त्याच्या आधीच्या मालकाचा बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा नव्हता. काउंटरवरून सांगितलं, ‘तो आमच्याकडे आलाच नव्हता.’ माझ्या बँकेच्या वकिलाने तिथेच हात आखडता घेतला. मूळ दस्तांची साखळी तुटली की नवी बँक कर्ज देताना कचरते, कारण मूळ कागद ताब्यात घेणं हेच तिचं तारण असतं.

सुटका केली ती एका पिवळ्या पडलेल्या कागदाने. कर्ज घेताना बँक जमा कागदांची यादी सही-शिक्क्यानिशी देते, तिला एलओडी म्हणतात. विकणाऱ्याच्या कपाटात ती निघाली. बिल्डरच्या करारनाम्यापुढे ‘ओरिजिनल’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यानंतर ‘आलाच नव्हता’ हे वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही. म्हणून टोकन देण्याआधीच ही यादी मागा आणि ओळ न् ओळ वाचा: कशापुढे ‘मूळ’ आहे, कशापुढे ‘झेरॉक्स’.

काउंटरवर कोणी आपणहून सांगणार नाही ते हे: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवला असेल तर बँकेला आणखी ३० दिवस मिळतात, पण प्रमाणित नक्कल मिळवून द्यायला मदत करणं आणि तिचा खर्च सोसणं तिच्याच गळ्यात. मात्र ही भरपाई कर्जदाराची, म्हणजे विकणाऱ्याची. खरेदीदार कितीही ओरडला तरी बँकेच्या लेखी तो कोणीच नसतो. लेखी तक्रार विकणाऱ्याच्या सहीनेच जायला हवी आणि तिची पोच घ्यायला हवी. पैसे मिळाल्यावर त्याला घाई उरत नाही, तेव्हा साठेखतातच लिहून घ्या की सगळे मूळ कागद येईपर्यंत अमुक रक्कम रोखून ठेवली जाईल. मी रोखली होती, म्हणूनच तो माझ्याबरोबर बँकेत येत राहिला.

शेवटी त्या करारनाम्यासाठी पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल आणि नुकसानभरपाईचा बाँड, एवढ्यावर वकील राजी झाला. त्या खटाटोपात माझ्या कर्जमंजुरीची मुदत संपत आली होती. मंजुरीपत्रावरची तारीख आधी बघून ठेवा, वाढवून घ्यायला अर्ज लागतो.

टीडीएसचं, म्हणजे खरेदीदाराने किमतीतून कापून सरकारकडे भरायच्या कराचं, राहिलंच. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का कापायचा, आणि तो पूर्ण किमतीवर, कर्जखात्यात गेलेले पैसे धरून. पण कापायचा विकणाऱ्याच्या हातात पडणाऱ्या रकमेतून. कर्जखात्यात कमी भरले तर खातं बंदच होणार नाही. त्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का तेही बघा, नाहीतर दर २० टक्क्यांवर जातो.

नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला द्यायचा. यात काही विशेष नाही.

खातं बंद झाल्यावर सेरसाईच्या (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) नोंदीतून बोजा उतरला का ते तपासा, तेही बँकेने ३० दिवसांतच करायचं असतं. आणि कागदांचं पाकीट मिळेल त्या दिवशी विकणाऱ्याबरोबर स्वतः जा. एलओडी समोर ठेवून एकेक कागद मोजा, करारनाम्याची पानंसुद्धा. ‘सर्व कागद मिळाले’ यावर त्याने सही करायची ती त्यानंतर.