इटालियन शिकायला चाललाय? मग मराठीतून शिका

कोल्हापुरातून इटलीला भाषा शिकायला जायचं म्हणणाऱ्या मुलामुलींचे हल्ली मला बरेच मेसेज येतात. कोण आर्किटेक्चरवालं असतं, कोणाला चामड्याच्या डिझाइनचा कोर्स करायचाय, कोणाला तिकडेच मास्टर्स करायचंय, आणि बहुतेकांची काळजी एकच, की आमचं इंग्रजी एवढं भारी नाही, जमेल का? जमेल. उलट माझं तर ठाम मत झालंय की इटालियन शिकताना इंग्रजी जितकं कमी मधे येईल तितकं बरं, आणि मराठी जितकी हाताशी ठेवाल तितकं काम सोपं होतं. आपल्याला हे कोणी सांगत नाही कारण ऑनलाइन क्लास इंग्रजीतून, पुस्तकं इंग्रजीतून, अ‍ॅप पण इंग्रजीतूनच.

परवा राजारामपुरीतली एक मुलगी वही घेऊन घरी आली होती. तिला 'मि प्याचे' म्हणजे 'आय लाइक' असं पाठ करून दिलेलं, आणि मग कधीकधी त्याचं 'मि प्याच्चोनो' का होतं हे तिला काही केल्या कळेना, कारण जिला आवडतंय ती व्यक्ती तर एकच आहे, मग अनेकवचन आलं कुठून? मी तिला वहीत दोनच ओळी लिहायला लावल्या. मला आंबा आवडतो. मला आंबे आवडतात. म्हटलं बघ, यात तू कुठे बदललीस, आंबे वाढले म्हणून क्रियापद बदललं. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, अगं ताई मग हे तर आपलंच आहे की! हो, आपलंच आहे. इंग्रजीतून जाणाऱ्याला जे उलटं वाटतं ते आपण बोलायला लागल्यापासून बोलतोय.

भूतकाळात तर अजून मजा. आपण मी पोळी खाल्ली, मी भात खाल्ला म्हणतो, खाणारी मीच पण क्रियापद पोळीचं नाहीतर भाताचं ऐकतं. इटालियनमध्ये पिझ्झाचा विषय निघालेला असला आणि 'ती मी खाल्ली' म्हणायचं असलं की 'लो मांजाता', आणि जेलातो म्हणजे तिकडचं आइस्क्रीम असलं की 'लो मांजातो', कारण पिझ्झा स्त्रीलिंगी आणि जेलातो पुल्लिंगी. अर्थात आपल्यासारखं दरवेळी नाही, वस्तूचं सर्वनाम क्रियापदाच्या आधी आलं की मगच हे होतं, पण माझ्या इटलीतल्या वर्गातली अमेरिकन मुलं तेवढ्यावरच अडून बसायची आणि मला त्यात समजून घेण्यासारखं काही वाटायचंच नाही. गेला-गेली चं पण तसंच, पुरुष 'सोनो आंदातो' म्हणणार आणि बाई 'सोनो आंदाता'. इथे कोल्हापूरच्या पोरींनी मात्र जरा जास्त लक्ष द्यायचं, कारण आपण घरात गल्लीत सर्रास मी आलो, मी जातो असंच बोलतो. मी लिहिताना गेले लिहिते पण आईशी बोलताना आजपण 'गेलो'च येतं तोंडात. इटालियनमध्ये ती सोय नाही, तिथे शेवटी 'ता' यायलाच पाहिजे.

आदरार्थी बोलण्याचं पण आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. इटालियनमध्ये पण घरच्यांना, मित्रांना, लहान मुलांना 'तू'च, आणि दुकानदाराला, डॉक्टरला, अनोळखी मोठ्या माणसाला 'लेई', म्हणजे आपलं 'तुम्ही'. क्रियापद पण त्याप्रमाणे बदलतं. कोणाला काय म्हणायचं याचा अंदाज आपल्याला आधीपासून असतो. उच्चारात त आणि द आपल्यासारखे दातावर जीभ लावून, ट आणि ड नाही. जोडाक्षरावर नीट जोर द्यायचा, नोन्नो म्हणजे आजोबा आणि नोनो म्हणजे नववा, आणि पत्ता, पक्का, कच्चा म्हणणाऱ्या माणसाला त्यात काय अवघड.

मी गेले होते फ्लॉरेन्सला, तिकडे फिरेन्त्से म्हणतात. आज जी प्रमाण इटालियन म्हणून शिकवतात तिचा पाया याच शहराच्या बोलीत आहे आणि भाषेचा शब्दकोश करणारी 'अकादेमिया देल्ला क्रुस्का' ही संस्था पण इथलीच, 1583 ची. त्यामुळे मला वाटलेलं की इथे रस्त्यावर पण पुस्तकातलीच भाषा ऐकू येईल. तसं अजिबात नाही! मी ज्यांच्या घरी राहायचे त्या सिन्योरा, म्हणजे घरमालकीण बाई, जुन्या फ्लॉरेन्सवाल्या, सान फ्रेदियानो भागात जन्म गेलेला, आणि त्यांच्या तोंडी दोन स्वरांच्या मधला 'क' सरळ 'ह' होतो. वर्गात सकाळी शिकले घर म्हणजे 'ला कासा', दुपारी जेवताना सिन्योरा म्हणतात 'ला हासा'. पहिले काही दिवस मला जेवणाच्या टेबलावर निम्मं कळायचं नाही, पण कानाला सवय झाली ती त्याच टेबलावर. वर्गातली टीचर तुमच्यासाठी सावकाश बोलते, घरातली माणसं नाही बोलत, बातम्या चालू असतात, सिन्योरा मुलीशी फोनवर भांडत असतात, त्यातच तुम्हाला विचारतात अजून वाढू का. ब्रेडमध्ये मीठ नसतं तिकडे, टस्कनीचा ब्रेड अळणीच असतो, आणि आपण तांबडा-पांढरा रस्सा ओरपणारी माणसं, तर मला पहिल्यांदा इटालियनमध्ये कुणाशी मनापासून वाद घालावासा वाटला तो त्या ब्रेडवरून. सिन्योरांनी मला पूर्ण ऐकून घेतलं, तीन ठिकाणी व्याकरण सुधारलं, आणि मग ब्रेडवर ऑलिव्ह ऑइल आणि मीठ घालून दिलं.

म्हणून मी सगळ्यांना सांगते की राहायची सोय करताना घरगुतीच मागा. वर्ग सकाळी चार तास, बाकीचा दिवस तुमच्या हातात असतो, आणि तो दिवस जर विद्यार्थ्यांच्या फ्लॅटवर गेला तर कोरियन, ब्राझिलियन, जर्मन सगळी मिळून शेवटी इंग्रजीच बोलतात. इटलीत राहून इटालियन न आलेली मुलं मी बघितली आहेत आणि ती काही मठ्ठ नव्हती, त्यांना दिवसभरात इटालियन बोलायची गरजच पडली नाही.

आता जे सांगते ते प्रत्येक कोल्हापूरकराला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने काशिने नावाचं लांबच्या लांब पार्क आहे, ते जिथे संपतं तिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, आणि त्या संगमाजवळ आपल्या छत्रपती राजाराम महाराजांचं स्मारक आहे. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज ते वेगळे, हे त्यांच्या आधीचे. इंग्लंडचा दौरा करून परत येताना 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं, वय अवघं 20. खास परवानगी काढून त्या संगमावर हिंदू पद्धतीने दहन झालं आणि 1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली, तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, आणि छत्रीचा आराखडा मेजर मँटचा, म्हणजे ज्याने आपला न्यू पॅलेस डिझाइन केला तोच.

फ्लॉरेन्सची माणसं या जागेला नुसतं 'इंदियानो' म्हणतात, शेजारच्या मोठ्या पुलाचं नाव पण त्यावरूनच पडलंय. सिन्योरांना पूल माहीत होता, रेडिओवर ट्रॅफिकच्या बातम्यांत रोज नाव यायचं, पण हा इंदियानो कोण ते माहीत नव्हतं. एका रविवारी आम्ही दोघी ट्रामने गेलो आणि मग पार्कातून चालत चालत शेवटपर्यंत. फेटा, दागिने, चेहऱ्यावर ते अगदी कोवळं वय, मला क्षणभर बोलताच येईना. मग सिन्योरांनी विचारलं हा कोण, आणि मी सगळं सांगितलं, कोल्हापूर कुठे आहे, पंचगंगा म्हणजे काय, आपल्याकडे संगमाला एवढं का मानतात, महाराज कुठून कुठे निघाले होते. सगळा भूतकाळ. आले, राहिले, आजारी पडले, वारले, एकेक क्रियापद येत गेलं आणि मी मनात मराठीतूनच जात होते, मधे इंग्रजीचा एक शब्द पण आला नाही. सिन्योरांनी एकदाही थांबवून सुधारलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, त्याची आई होती का गं घरी, आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही.

जाणार असाल तर नक्की जा तिथे. सकाळी जा, ऊन कमी असतं.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. भाषेसाठीच जायचं तर पेरुजा आणि सिएना या दोन्ही गावांत खास परदेशी लोकांसाठीची सरकारी विद्यापीठं आहेत, परीक्षा पण त्यांच्याच, पेरुजाची चेली आणि सिएनाची चिल्स. इटालियनमधून डिग्री करायची असेल तर साधारण बी-टू लेव्हल, म्हणजे मधल्या पायऱ्यांतली वरची, मागतात, तेव्हा ए-वन म्हणजे पहिली पायरी तरी इथे कोल्हापुरात बसून करूनच निघा, तिकडचे महागाचे तास नमस्कार-चमत्कारात घालवू नका. कोर्स 90 दिवसांपेक्षा मोठा असेल तर नॅशनल म्हणजे डी व्हिसा लागतो, आणि तिकडे पोचल्यावर कामकाजाच्या 8 दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. त्याचं किट पोस्टात मिळतं, वर 16 युरोचा स्टॅम्प लावायचा, तो तंबाखूच्या दुकानात मिळतो. अर्ज दिल्यावर पोस्टातून जी पावती मिळते तिचे दोनतीन झेरॉक्स काढून ठेवा आणि मूळ पावती कायम जवळ बाळगा, कार्ड हातात पडेपर्यंत सगळीकडे तीच दाखवावी लागते.